फोड बरा झाला, मग शू चहासारखी का?

आजचा एपिसोड आमच्या घरातूनच आलाय. माझा भाचा सात वर्षांचा, मुकुंदवाडीत राहतो. पावसाळ्यात डास चावले, त्याने खाजवलं, पायावर पू धरलेले फोड आले. आठवड्याभरात खपल्या पडल्या, विषय संपला. तीन आठवड्यांनी सकाळी उठला तर डोळे सुजलेले. आई म्हणाली, "रात्री मोबाइल बघतो, दुसरं काय!" मीही हसलो. दुपारी तो बाथरूममधून ओरडला, "मामा, माझी शू कोऱ्या चहासारखी झालीय!"

डॉक्टरांचा पहिला प्रश्न: मागच्या महिन्यात घसा दुखला होता का, अंगावर फोड आले होते का? आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

अशा फोडांमागे बऱ्याचदा स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू असतो. आता गंमत बघा, किडनीत इन्फेक्शन झालेलंच नसतं. जिवाणूशी लढायला शरीर अँटिबॉडी बनवतं, त्या जिवाणूच्या अंशांना चिकटतात आणि ही गुंतवळ किडनीच्या बारीक गाळण्यांत अडकते. गाळण्या सुजतात. रक्त लघवीत उतरतं, मीठ-पाणी अंगात साचतं. घसा दुखल्यानंतर हे साधारण १ ते २ आठवड्यांनी दिसतं, कातडीच्या फोडांनंतर ३ ते ६ आठवड्यांनी. तोवर फोड कुणाला आठवतो?

खरी भीती बीपीची. लहान पोराला कसलं बीपी, असं मलाही वाटायचं. पण ते एकदम वाढलं तर डोकं दुखतं, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. आणि ते मुलांच्या मापाच्या पट्ट्यानेच मोजायचं. मोठ्यांचा पट्टा लावला तर आकडा कमी दिसतो. खर्चाची अडचण असेल तर आपल्या घाटीत बालरोग विभाग आहे, पण त्याच दिवशी जा.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "भरपूर पाणी पाजा, किडनी साफ होईल." मुतखड्याला चालणारा हा सल्ला इथे उलटा पडतो! इथे मीठ कमी, पाणी मोजून, आणि गरजेप्रमाणे लघवी वाढवणारं औषध. अँटिबायोटिक उरलेला जिवाणू मारतं, गाळणीची सूज उतरवत नाही. ती बहुतेक मुलांत आपली आपणच उतरते.

रक्तात सी-३ नावाचं प्रोटीन या आजारात घटतं आणि साधारण ६ ते ८ आठवड्यांत पूर्ववत होतं. नाही झालं तर डॉक्टर दुसरा आजार शोधतात. भाच्याचं आठव्या आठवड्यात नॉर्मल आलं. लघवीत रक्ताचा अंश अजून दिसतो, तो काही महिने राहू शकतो म्हणे डॉक्टर. त्याचा रोजचा प्रश्न एकच: "मामा, लोणचं कधी?"