हातातला संगणक : शौक किती, सौदा किती?

हिंगणघाटच्या दुकानात माल भरताना आम्ही आधी पोत पाहतो, मग पन्हा मोजतो आणि दर शेवटी विचारतो. नव्या यंत्राच्या बाबतीत मात्र तरुण मंडळी चित्र पाहूनच मन देऊन बसतात. आमच्या घरचेच उदाहरण घ्या. नागपूरला कॉलेजात रोज ये-जा करणाऱ्या पुतण्याने हट्ट धरला, "चाचा, हातात मावणारा गेमिंग संगणक घ्यायचाय. दुकानाच्या नावावर बिल घेऊ, जीएसटी वळता होईल आणि हिशेबही त्यावरच लिहू."

हे यंत्र आहे तरी काय? अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये स्टीम डेक आणला आणि या मालाला उठाव आला. त्याची किंमत 399 डॉलरपासून होती, पण भारतात तेव्हा अधिकृत विक्री नव्हती. आपल्याकडे जुलै 2023 मध्ये असूसचा आरओजी ॲलाय 69,990 रुपयांना आला. पडदा सात इंची, वजन 608 ग्रॅम, 16 जीबी मेमरी, 512 जीबी साठवण आणि वर विंडोज 11. म्हणजे हे नुसते खेळणे नव्हे, पुरता संगणक आहे. कीबोर्ड आणि मोठा पडदा जोडला तर त्यावर टॅलीही चालेल.

मोह खोटा नाही. पुतण्याच्या मित्राचे यंत्र आम्ही हातात घेतले, मोटारींची शर्यत लावली आणि समोरचा चहा निवून गेला. शिवाय संगणकासाठी एकदा विकत घेतलेला खेळ यावर चालवायला पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत.

आता दुसरे पारडे. बॅटरी 40 वॅट-तासांची. जड खेळात नुसती चिपच 25 वॅटपर्यंत वीज ओढते. पडद्याचा खर्च न धरताही हिशेब दीड तासाच्या थोडा वर जातो. नागपूर येईतो बॅटरी संपलेली असणार! कीबोर्ड आणि पडद्याचे पैसे वेगळेच. तेवढ्या रकमेत दुकानासाठी साधा संगणक आणि बिलाचा प्रिंटर येऊन वर पैसे उरतात.

बिलाची युक्तीही बरोबर नाही. खासगी वापराच्या वस्तूवरचा जीएसटी वळता करून घेण्यास कायद्याच्या कलम 17(5) मध्ये मनाई आहे. खेळाचे यंत्र दुकानाच्या खात्यात दाखवणे म्हणजे आपल्याच वहीत खोटे लिहिणे.

"बिनव्याजी हप्ता" या शब्दांनाही भुलू नये. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना बजावले होते. व्याज किमतीत किंवा शुल्कात दडलेले असू शकते. व्याजापासून दूर राहणाऱ्या बांधवांनी तर सही करण्याआधी कागद पुरता वाचावा.

आम्ही पुतण्याला सांगितले, "बेटा, शौक आहे तर शौक म्हण, हिशेबाचे नाव पुढे करू नकोस. लग्नसराईत दुकानावर बस, त्याची मजुरी घे. रक्कम जमली की रोखीने घे. बिल तुझ्या नावाचे असू दे, वॉरंटी इथली असू दे आणि दुरुस्ती कुठे होते ते आधी विचार."

तो जरा हिरमुसला, पण दुकानावर येऊ लागला आहे. लग्नसराई सरल्यावरही त्याचे मन तिथेच राहिले, तर नागपूरला खरेदीला आम्ही स्वतः त्याच्यासोबत जाऊ.