निजलेल्या घरातील बॅटरी

एप्रिल २०२२ मध्ये निजामाबादेत विजेच्या स्कूटरची बॅटरी रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटेपूर्वी तिचा स्फोट होऊन ८० वर्षांचे एक आजोबा दगावले. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईस तशाच स्फोटाने सात वर्षांच्या बालकाचा बळी घेतला. दोन्ही घरे त्या वेळी निद्राधीन होती.

लिथियमच्या घटात दोन ध्रुवांमध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि भोवतालचा द्रव ज्वालाग्राही. मार लागून वा प्रमाणाबाहेर चार्ज होऊन पडदा निकामी झाला, की आतल्या आत उष्णता वाढते. एक घट तापून शेजारचा पेटवतो. निघणारा धूर विषारी असतो. आदिलाबादच्या वैशाखात घटास आधीच ताप सोसावा लागतो!

म्हणून चार्जिंग जागेपणी, मूळ चार्जरनेच करावे. गादीवर नव्हे, मोकळ्या फरशीवर आणि दाराची वाट सोडून. उशीखाली मोबाईल ठेवणारे माझ्या वर्गातही आहेत, त्यांनी हे विशेष वाचावे. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, कचऱ्यातही टाकू नये. पेट घेतलाच तर सर्वांनी प्रथम बाहेर पडावे आणि मग १०१ क्रमांकास कळवावे.