जुन्या हायब्रिड मोटारींच्या दुरुस्तीची निवड

जुन्या हायब्रिड मोटारींच्या दुरुस्तीची निवड म्हणजे अधिकृत विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरने सुचविलेल्या कामांपैकी कोणती कामे खरोखर आवश्यक आहेत, कोणती पुढे ढकलता येतात आणि कोणती अनावश्यक आहेत हे ठरविण्याची पद्धत होय. हमीची मुदत संपलेल्या मोटारीच्या बाबतीत या निर्णयाला विशेष महत्त्व येते; कारण सुचविलेल्या कामांचा एकूण खर्च पुष्कळदा मोटारीच्या बाजारभावाच्या जवळपास जातो. अशा वेळी सरसकट सर्व कामे करून घेणे किंवा घाबरून मोटार विकून टाकणे हे दोन्ही निर्णय तोट्याचे ठरू शकतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या (२००३–२००९) आणि तिसऱ्या (२००९–२०१५) पिढीची उदाहरणे घेतली असून अंतरे व मुदती अमेरिकेतील वेळापत्रकानुसार दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली आणि २००० सालापासून इतर देशांत उपलब्ध झाली. या मोटारीत पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटर-जनित्रे ग्रहचक्रीय दंतचक्रांनी जोडलेली असतात. त्यामुळे नेहमीच्या मोटारीतील स्टार्टर मोटर, अल्टरनेटर, क्लच आणि गिअर बदलण्याची यंत्रणा हे भाग तिच्यात नसतात. तिसऱ्या पिढीत इंजिनावरील बाह्य पट्टाही काढून टाकण्यात आला. साहजिकच नेहमीच्या मोटारीत वारंवार बदलावे लागणारे कित्येक भाग येथे बिघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. याउलट उच्च दाबाची बॅटरी, इन्व्हर्टर, त्याचा स्वतंत्र कूलंट पंप आणि विद्युत-नियंत्रित ब्रेक यंत्रणा हे नवे भाग आले. सर्वसाधारण मोटारीसाठी तयार केलेली शिफारशींची ठरावीक यादी हायब्रिड मोटारीला जशीच्या तशी लागू पडत नाही, याचे कारण हेच होय.

शिफारशींचे वर्गीकरण

सर्व्हिस सेंटरकडून मिळणाऱ्या यादीतील कामे साधारणपणे पाच गटांत विभागता येतात:

१. सुरक्षेची कामे – ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे, इंधनगळती. ही टाळता येत नाहीत.
२. मोठे नुकसान टाळणारी कामे – कूलंटची गळती, बंद पडलेला कूलंट पंप, कमी झालेले इंजिन ऑइल. ही लगेच करावी लागतात, कारण विलंबाने खर्च अनेक पटींनी वाढतो.
३. वेळापत्रकातील कामे – निर्मात्याच्या पुस्तिकेत अंतर किंवा कालावधी दिलेली कामे.
४. निरीक्षणाधीन कामे – किंचित ओलसर दिसणारा शॉक अब्सॉर्बर, बारीक चिरा गेलेले रबरी बुश. यांची नोंद ठेवून पुढील तपासणीत तुलना करणे पुरेसे असते.
५. पुस्तिकेत नसलेली कामे – इंजेक्टर स्वच्छता, निरनिराळी ‘फ्लश’ कामे, ऑइलमध्ये घालावयाची द्रव्ये. लक्षण किंवा मोजमाप यांचा आधार नसल्यास यांची गरज नसते.

एखादे काम कोणत्या गटात मोडते हे ठरविताना पुस्तिकेतील नोंद, प्रत्यक्ष मोजमाप आणि मोटारीत दिसणारे लक्षण हे तीन पुरावे पाहिले जातात. तिन्हींपैकी एकही नसलेली शिफारस सहसा पाचव्या गटातील असते.

प्रमुख भाग व त्यांची पडताळणी

उच्च दाबाची बॅटरी

सर्वांत महाग आणि सर्वाधिक भीती निर्माण करणारी शिफारस म्हणजे ही बॅटरी बदलणे. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची २८ मोड्यूल एकसरीत जोडलेली असतात. प्रत्येक मोड्यूलमध्ये १.२ व्होल्टचे ६ घट असतात. एकूण दाब २०१.६ व्होल्ट होतो. संगणक दोन-दोन मोड्यूलच्या १४ गटांचा दाब स्वतंत्रपणे मोजतो. एखादा घट निकामी झाल्यास त्या गटाचा दाब इतरांपेक्षा सुमारे १.२ व्होल्टने कमी दिसतो. म्हणूनच केवळ ‘बॅटरी जुनी झाली आहे’ हा निष्कर्ष पुरेसा नसतो. पी०ए८० हा त्रुटी-संकेत आणि भार असताना व नसताना घेतलेले १४ गटांचे आकडे मिळून बिघाड सिद्ध होतो.

बिघाड सिद्ध झाल्यास नवीन पॅक, पुनर्निर्मित पॅक किंवा केवळ निकामी मोड्यूल बदलणे असे तीन पर्याय असतात. तिसरा पर्याय सर्वांत स्वस्त असला तरी अल्पजीवी ठरतो. एकसरीतील सर्व मोड्यूल सारख्याच वयाची असल्याने एकामागून एक निकामी होऊ लागतात, आणि वेगळ्या क्षमतेचे मोड्यूल मध्ये बसविल्याने पॅकचे संतुलन बिघडते. काही महिन्यांत मोटार विकावयाची असल्यास किंवा तात्पुरती सोय हवी असल्यासच तो पर्याय विचारात घेतला जातो.

बॅटरी थंड ठेवणारा पंखा प्रवाशांच्या कक्षातील हवा मागील आसनाजवळच्या जाळीतून ओढतो. धूळ, कापडाचे तंतू आणि पाळीव प्राण्यांचे केस त्यात अडकल्यास बॅटरी तापते व तिचे आयुष्य घटते. पंख्याची स्वच्छता हे अल्प खर्चाचे काम अनेकदा यादीत नसते, परंतु ते मागून करून घेण्याजोगे आहे.

१२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी

ही बॅटरी इंजिन सुरू करीत नाही. ती केवळ संगणक व रिले जागृत करते. त्यामुळे नेहमीच्या मोटारीप्रमाणे ‘इंजिन जड फिरणे’ हे पूर्वलक्षण येथे दिसत नाही. क्षीण झालेल्या साहाय्यक बॅटरीमुळे एकाच वेळी अनेक असंबद्ध इशारा-दिवे लागू शकतात आणि त्यातून महागड्या भागांविषयी चुकीचे निदान होऊ शकते. मोठ्या दुरुस्तीस संमती देण्यापूर्वी तिची भार-चाचणी करून घेणे हा पडताळणीचा पहिला टप्पा मानला जातो. स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट आणि मोटार ‘रेडी’ अवस्थेत असताना सुमारे १४ व्होल्ट दाब अपेक्षित असतो.

कूलंट

इंजिन व इन्व्हर्टर यांचे कूलंट-मार्ग स्वतंत्र असतात. म्हणून ‘कूलंट बदलणे’ अशी शिफारस आल्यास ती नेमकी कोणत्या मार्गासाठी आहे हे विचारणे आवश्यक ठरते. तिसऱ्या पिढीसाठी इंजिन कूलंटचा पहिला बदल १ लाख मैलांवर (सुमारे १,६०,००० किमी) आणि इन्व्हर्टर कूलंटचा १,५०,००० मैलांवर (सुमारे २,४०,००० किमी) सांगितला आहे. त्यानंतर दोन्हींसाठी ५०,००० मैलांचे अंतर आहे. इन्व्हर्टरचा पंप बंद पडल्यास इन्व्हर्टर तापून मोटार थांबू शकते. त्यामुळे त्याच्या टाकीतील द्रव हलताना दिसतो का, ही तपासणी स्वस्त आणि महत्त्वाची आहे.

ब्रेक

वेग कमी होताना मोटर-जनित्र ऊर्जा परत मिळवत असल्याने ब्रेक पॅडची झीज अल्प होते. एक लाख किलोमीटरहून अधिक टिकलेले पॅड आढळणे सामान्य आहे. त्यामुळे पॅड बदलण्याची शिफारस आल्यास उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये मागितली जाते. नवीन पॅड साधारणतः १० ते १२ मिमी जाड असतो. ३ मिमीच्या आसपास आल्यावर बदल करणे योग्य समजले जाते. मात्र कमी वापरामुळे, विशेषतः रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या थंड प्रदेशांत, कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. तेथे पॅड बदलण्याऐवजी स्वच्छता व वंगण यांची गरज असते. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते. ते बदलण्याची आवश्यकता ओलाव्याच्या चाचणीने ठरविता येते. ब्रेकचा इशारा-दिवा लागल्यास मात्र तपासणी लांबणीवर टाकता येत नाही.

इंजिन

तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये धूर-पुनर्चक्रण मार्ग (ईजीआर) काजळीने तुंबणे आणि कालांतराने हेड गॅस्केट निकामी होणे हा सुपरिचित दोष आहे. थंड इंजिन सुरू होताना जोराने हादरणे, कूलंटची पातळी बाहेर गळती न दिसता घटत जाणे आणि मिसफायरचे संकेत येणे ही त्याची लक्षणे होत. कूलंट-मार्गाची दाब-चाचणी आणि सिलिंडरमध्ये सूक्ष्म कॅमेरा घालून केलेली पाहणी यांनी निदान पक्के होते. ईजीआर कूलर वेळीच स्वच्छ करणे नियमित वेळापत्रकात नाही. तरीही जास्त धावलेल्या मोटारीसाठी ते उपयुक्त मानले जाते. म्हणजेच यादीतील प्रत्येक काम आवश्यक नसते, तसेच आवश्यक असलेले प्रत्येक काम यादीत असतेच असे नाही.

स्पार्क प्लग १,२०,००० मैलांवर (सुमारे १,९३,००० किमी) बदलावयाचे असतात. ५०,००० किमीवर केलेली तशी शिफारस लक्षणांशिवाय ग्राह्य धरता येत नाही. जुन्या इंजिनात ऑइलचा खप वाढू शकत असल्याने दोन सर्व्हिसच्या दरम्यान पट्टी काढून पातळी पाहणे इष्ट असते.

ट्रान्समिशन व वातानुकूलन

या ट्रान्समिशनमध्ये गिअर बदलणारे क्लच नसल्याने ऑइलमध्ये घर्षणद्रव्याचा चुरा साचत नाही. दीर्घ अंतरानंतर ऑइल बदलणे हितावह असले तरी ते खालच्या बोल्टमधून काढून वरून भरण्याचे साधे काम आहे. यंत्राने ‘फ्लश’ करण्याची गरज नसते. दुसऱ्या पिढीपासून वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो. त्यात विद्युतरोधक गुणाचे विशिष्ट तेलच वापरावे लागते. सामान्य गॅरेजमध्ये वेगळे तेल भरले गेल्यास विद्युत-रोधन बिघडून मोठे नुकसान होऊ शकते.

उदाहरण

समजा, २,२५,००० किमी धावलेल्या, कूलंट एकदाही न बदललेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियससाठी सहा कामांची यादी मिळाली: इंजिन कूलंट, साहाय्यक बॅटरी (भार-चाचणीत अनुत्तीर्ण), ब्रेक पॅड (जाडी ६ मिमी), इंजेक्टर स्वच्छता, ट्रान्समिशन फ्लश आणि मागील शॉक अब्सॉर्बर (किंचित ओलसर). वरील निकषांनुसार पहिली दोन कामे लगेच करावी लागतात: एकाची मुदत उलटली आहे आणि दुसऱ्याला चाचणीचा आधार आहे. पॅड व शॉक अब्सॉर्बर निरीक्षणाखाली राहतात. इंजेक्टर स्वच्छता वगळता येते, आणि फ्लशऐवजी साधा ऑइल-बदल पुरतो. बॅटरीच्या पंख्याची स्वच्छता व ईजीआरची तपासणी यादीत नसूनही जोडली जाते.

आर्थिक निकष

दुरुस्तीच्या खर्चाची तुलना केवळ मोटारीच्या बाजारभावाशी करणे अपुरे असते. दुरुस्तीनंतर मोटार आणखी किती वर्षे चालेल आणि तेवढ्या काळासाठी दुसरी मोटार घेण्यास किती खर्च येईल, याच्याशी तुलना केल्यास निर्णय अधिक योग्य होतो. चांगल्या इंजिनाच्या व न गंजलेल्या मोटारीत नवीन बॅटरी बसविणे परवडू शकते. हेड गॅस्केट गेलेल्या मोटारीत तोच खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो. म्हणून मोठ्या खर्चापूर्वी संपूर्ण मोटारीची तपासणी, शक्यतो हायब्रिडचा अनुभव असलेल्या व दुरुस्तीचे काम न मिळणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीकडून, करून घेतली जाते.

ग्राहकांचे हक्क

अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्यानुसार, मोटारीची देखभाल अधिकृत विक्रेत्याकडेच केली पाहिजे अशी अट निर्मात्याला हमीसाठी सामान्यतः घालता येत नाही. कॅलिफोर्निया राज्यात कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक देणे व ग्राहकाची संमती घेणे दुरुस्ती केंद्रांवर बंधनकारक असून मागणी केल्यास काढलेले भाग परत द्यावे किंवा दाखवावे लागतात. अमेरिकेत सामान्यतः प्रियसच्या हायब्रिड भागांना ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची हमी होती. २०२० च्या मॉडेलपासून बॅटरीची हमी १० वर्षे किंवा १,५०,००० मैलांपर्यंत वाढविण्यात आली.

पैसे देण्यापूर्वी निर्मात्याने जाहीर केलेली विनामूल्य दुरुस्ती (रिकॉल) पाहणे महत्त्वाचे असते. टोयोटाने २०१२ मध्ये इन्व्हर्टरच्या कूलंट पंपासाठी आणि २०१४ मध्ये तिसऱ्या पिढीच्या सुमारे १९ लाख प्रियसच्या इन्व्हर्टर नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी रिकॉल जाहीर केले. चासी क्रमांकावरून प्रलंबित रिकॉल तपासता येतो.

सुरक्षितता

नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. एअर फिल्टर, केबिन फिल्टर व वायपर ही कामे मालक स्वतः करू शकतो. बॅटरी पॅक किंवा इन्व्हर्टर उघडणे मात्र प्राणघातक ठरू शकते. सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधील धारित्रांत काही मिनिटे विद्युतभार शिल्लक राहतो.

भारतातील स्थिती

भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये विक्रीस आली. दोन्हींची संख्या मर्यादित राहिली. २०२२ पासून टोयोटा हायरायडर, मारुती सुझुकी ग्रँड विटारा आणि होंडा सिटी यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या. यांच्या बॅटऱ्या लिथियम-आयन प्रकारच्या असल्याने वरील दाबाचे आकडे त्यांना लागू होत नाहीत. मात्र पुस्तिका, मोजमाप आणि लक्षण हा निकष तोच राहतो. सदोष सेवेबाबत ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी लेखी अंदाजपत्रक, तपासणीचे आकडे आणि पावत्या जपून ठेवणे उपयुक्त ठरते.

हेही पहा

हायब्रिड वाहन
टोयोटा प्रियस
निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी
ग्राहक संरक्षण