सुभेदारसाहेबांच्या गळ्यातला तारा

जुन्या लष्करी कागदपत्रांत काही सुभेदारांच्या नावाला ‘बहादूर’ किंवा ‘सरदार बहादूर’ असे जोडलेले आढळते. हा शौर्याचा किताब असावा, असे सहज वाटते. पण श्रोतेहो, तो होता दीर्घ आणि एकनिष्ठ नोकरीचा.

इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याने १८३० मध्ये दीर्घ सेवा व सद्वर्तनाचे पदक सुरू केले. पायदळात २१ किंवा घोडदळात २४ वर्षे चांगली नोकरी केलेल्या शिपायाला ते मिळे, अधिकाऱ्याला नाही. अधिकारी म्हणजे खानदानी गृहस्थ. त्याला सद्वर्तनाचा दाखला काय द्यायचा! प्रशियात मात्र १८२५ पासून २५ वर्षे नोकरी झालेल्या अधिकाऱ्याला क्रॉस मिळत असे.

मग कंपनी सरकारचा हिंदी सुभेदार कोणात मोडायचा? नावाला तो अधिकारी. पण विलायतेहून कालपरवा आलेला मिसरूड न फुटलेला गोरा पोरही त्याचा वरिष्ठ. बंगालच्या फौजेत तर बढती निव्वळ ज्येष्ठतेने होई. सुभेदारी हाती येईपर्यंत केस पांढरे झालेले असत. आपल्या मुंबईच्या फौजेत गुणवत्तेकडे जरा जास्त पाहिले जाई.

या हिंदी अधिकाऱ्यांसाठी १८३७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडच्या कारकिर्दीत ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ निघाली. सोन्याचा तारा, मधोमध सिंह, आणि तो गळ्यात घालायचा. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ ही पदवी व रोज दोन रुपये, दुसऱ्याला ‘बहादूर’ आणि रोज एक रुपया. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना सात रुपये होता. म्हणजे पहिल्या वर्गाचा नुसता भत्ताच महिन्याला साठ रुपये! गावात या ताऱ्याचा रुबाब किती असेल, याची कल्पना करा. फीत आधी आकाशी होती, मग किरमिजी झाली. डोक्याचे तेल लागून आकाशी रंग मळे म्हणून ती बदलली, असे सांगतात.

मान मिळाला, पैसा मिळाला, अधिकार तेवढा राहून गेला. हिंदी निष्ठेची किंमत सरकारने चोख मोजली, पण पलटणीचा हुकूम हाती दिला नाही. १८५७ मध्ये बंगाल फौजेतल्या बहुतेक देशी पलटणी उठल्या किंवा मोडल्या गेल्या. मुंबईची फौज बरीचशी शांत राहिली, तरी कोल्हापुरात २७ वी पलटण उठलीच. ज्येष्ठतेच्या बढतीवर नंतर पुष्कळ टीका झाली. पण सँडहर्स्टचे दार हिंदी तरुणांना उघडले ते थेट १९१८ मध्ये, तेही वर्षाला दहाच जागांपुरते.

स्वतंत्र भारताच्या सैन्यात ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदके आहेत. शिपाई असो वा जनरल, पदक तेच. ब्रिटनने आपल्या नियमित अधिकाऱ्यांना ते १८३० चे पदक खुले केले २०१६ मध्ये.