नव्या रिव्हॉल्व्हरचा जुना रंग

अमेरिकी यादवी युद्धातली रिव्हॉल्व्हरं आज इटलीत घडतात. ब्रेशियाच्या परिसरात उबेर्ती, पिएत्ता अशा कंपन्या सॅम्युअल कोल्टच्या जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती बनवतात. त्या काळ्या दारूवर चालतातही. जुन्या लढायांचे प्रयोग करणारे हौशी लोक त्या विकत घेतात आणि मग त्यांचा नवेपणा घालवायला बसतात.

आकार बहुतेक जमलेला असतो. चुगली करतो तो रंग. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ची नळी आणि सिलिंडर चकचकीत घासून, तापलेल्या कोळशात ठेवून निळे केलेले असत. आजचे कारखाने कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात पोलाद बुडवतात. त्यावर मॅग्नेटाइटचा दाट थर बसतो. हा थर टिकाऊ असतो, पण काळाकुट्ट दिसतो. म्हणून तो आम्लानं उतरवणं हे पहिलं काम.

सांगाड्याची गोष्ट अधिक रंजक आहे. तो मऊ लोखंडाचा असे. हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात बंद करून त्याला तासन्‌तास लालबुंद तापवत. कार्बन पृष्ठभागात मुरे, आणि हवेचे बुडबुडे सोडलेल्या पाण्यात तो टाकला की वरचं कवच कठीण होई. गाभा मात्र चिवटच राही. त्याच क्षणी ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा धरे. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. काही रंग विझतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग असेच दिसतात. जाडी जागोजागी वेगळी, म्हणून निळ्या-तपकिरी लाटा. नुसत्या रसायनांनी चढवलेली नक्कल जाणकाराला लगेच कळते, कारण तिच्यात ही बेशिस्त नसते.

मुठीभोवतीच्या पितळी पट्ट्यांवर कोल्ट चांदीचा मुलामा देई. प्रतिकृतींत बहुधा उघडं पितळ असतं. अक्रोडाच्या मुठीवरचं लालसर चकाकतं पॉलिश तर खरवडावंच लागतं.

काही जण मात्र जुनेपण दारूवरच सोपवतात. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन अवशेषांच्या रूपात उरतं. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात. साफसफाईत जरा हयगय झाली की पोलादावर खड्डे पडलेच.

रंगानं न सुटणारी चूकही आहे. बाजारात पितळी सांगाड्याची, पॉइंट चव्वेचाळीसची ‘१८५१ नेव्ही’ खूप खपते. कोल्टनं अशी कधी बनवलीच नाही. त्याची नेव्ही पॉइंट छत्तीसची. तांबूस झाक असलेले पितळी सांगाडे जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डविल इथल्या कारखान्याचे. दक्षिणेकडे लोखंडाचा तुटवडा होता, म्हणून ते आले. तो कारखाना उत्तरेच्या सैन्यानं नोव्हेंबर १८६४ मध्ये जाळला. त्या रिव्हॉल्व्हरचीही गोळी पॉइंट छत्तीसचीच होती. तेव्हा चव्वेचाळीसवाल्या पितळी नेव्हीवर कितीही घाम गाळा, अस्सलपणा येणार नाही.

शेवटी कंपनीचं नाव आणि ‘फक्त काळी दारू’ ही नळीवरची सूचना घासायचा मोह होतो. नाव मुठीखाली हलवावं, तिथं ते कुणाला खुपत नाही. पण अनुक्रमांक आणि चाचणीचा शिक्का यांना हात लावू नये. त्यांच्याशिवाय ती प्रतिकृती उरत नाही. पुढच्या गिऱ्हाइकासाठी ती बनावट पुराणवस्तू होते.