मासळी किती पकडावी? साठ्याचे गणित समजून घेऊ

समुद्रातील मासे उभ्या पिकासारखे मोजता येत नाहीत. तरीही किती टन मासळी काढली तर पुढच्या हंगामातही तेवढीच मिळेल, याचा अंदाज गणिती मॉडेलच्या साहाय्याने बांधता येतो. मच्छीमार सहकारी संस्थांनी हे गणित समजून घेणे गरजेचे आहे, कारण बंदरावर उतरलेल्या एकूण मासळीचा आकडा साठ्याची खरी स्थिती बऱ्याचदा झाकून ठेवतो.

साठा कसा वाढतो?

लसूणघासाचे उदाहरण घ्या. अगदी जमिनीलगत कापला तर फुटवा उशिरा येतो. फार दिवस कापलाच नाही तर पीक जून होते आणि वाढ थांबते. माशांच्या साठ्याचेही असेच आहे. साठा फार कमी असेल तर अंडी घालणाऱ्या माद्या कमी पडतात, साठा पूर्ण भरलेला असेल तर खाद्य आणि जागा अपुरी पडते. सर्वाधिक वाढ मधल्या टप्प्यात होते. लोकसंख्यावाढीचे हे सूत्र बेल्जियन गणिती व्हर्हुल्स्ट यांनी १८३८ मध्ये मांडले. मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये ते मासेमारीला लावले.

वार्षिक वाढ = वाढीचा दर × साठा × (१ − साठा ÷ कमाल साठा)

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एखाद्या माशाचा कमाल साठा १,००० टन आणि वाढीचा दर ०.४ धरला, तर साठा ५०० टन असताना वर्षाला १०० टन वाढ होते. यापेक्षा जास्त वाढ कोणत्याच साठ्यावर मिळत नाही. म्हणून १०० टन हे कमाल शाश्वत उत्पादन.

उत्पादन तेवढेच, खर्च चौपट

याच सूत्रात साठा ८०० टन घातला तर वाढ ६४ टन येते. साठा २०० टन घातला तरी ६४ टनच! म्हणजे दोन्ही ठिकाणी दरवर्षी ६४ टन मासळी काढता येईल आणि बंदरावरच्या नोंदीत काहीच फरक दिसणार नाही. फरक बोटीवर दिसतो. २०० टनांच्या साठ्यातून तेवढीच मासळी काढायला साधारण चौपट फेऱ्या लागतात. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, सगळे त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे एकूण टनांपेक्षा प्रति फेरी किंवा प्रति तास किती मासळी मिळाली, हा आकडा जास्त बोलका असतो.

फक्त १० टन जास्त काढले तर?

साठा ५०० टन आहे आणि १०० ऐवजी दरवर्षी ११० टन मासळी काढली, असे समजा. पहिल्या वर्षी साठा ४९० टनांवर येतो. कोणाच्या लक्षातही येत नाही. दहा वर्षांनी तो सुमारे ३८७ टन असतो. त्यानंतर घसरण वेग घेते आणि एकविसाव्या वर्षी जेमतेम १२ टन उरतात. या सर्व काळात बंदरावर मात्र दरवर्षी ११० टनच उतरलेले असतात! प्रत्यक्षात वाढीचा दर वर्षागणिक बदलतो, त्याचा अंदाजही चुकू शकतो. म्हणून कमाल शाश्वत उत्पादन हे गाठायचे लक्ष्य न मानता मर्यादा मानावी आणि त्याच्या थोडे अलीकडेच थांबावे, असे माझे मत आहे.

मॉडेल कुठे फसते?

प्रति फेरी मासळी साठ्याच्या प्रमाणात मिळते, असे हे मॉडेल धरून चालते. कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळ कॉड मासा कमी होत असतानाही थव्याने एकत्र येत होता. ट्रॉलर नेमके तिथेच जात, त्यामुळे त्यांना भरपूर मासळी मिळत राहिली आणि साठ्याचा अंदाज फुगलेला आला. अखेर जुलै १९९२ मध्ये तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

म्हणूनच फेरीच्या आकड्याला माशांच्या लांबीची जोड देतात. पकडलेल्या माशांची सरासरी लांबी घटत चालली, तर मोठे मासे संपत आल्याची शक्यता असते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून ५४ प्रजातींसाठी किमान आकारमान ठरवले. चंदेरी पापलेटासाठी ते १३५ मिमी, तर बोंबलासाठी १८० मिमी आहे. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची पावसाळी बंदीही उपयोगी आहेच. पण उरलेल्या ३०४ दिवसांत बोटी आणि जाळी वाढत गेली, तर गणितात फारसा फरक पडत नाही.

संस्थेने कोणत्या नोंदी ठेवाव्यात?

प्रत्येक फेरीची तारीख, जाळे पाण्यात किती तास होते, आसाचा आकार आणि जातीनुसार मासळीचे वजन लिहावे. महिन्यातून एकदा मुख्य जातीचे ५० मासे न निवडता, हाताला येतील तसे घेऊन मोजावेत. डोळ जाळ्याची मासळी प्रवाहावर अवलंबून असल्याने उधाण की भांग, हेही नोंदवावे. तुलना करताना उधाणाची फेरी उधाणाच्याच फेरीशी लावावी. नवे इंजिन, मोठे जाळे किंवा फिश फाइंडर बसवला तर त्या तारखेची वेगळी नोंद करावी, कारण त्यानंतरची एक फेरी ही आधीच्या एका फेरीएवढी राहत नाही.