मटण नको म्हणणारं लेकरू
लेखमाला : लेकराचं ताट (भाग ७)

कुलदैवताच्या दारी लेकराचं जाऊळ निघतं. नवसाचा बोकड कापला जातो, काळ्या मसाल्याचं मटण मोठ्या पातेल्यात चुलीवर रटरटतं, भाऊबंद पंगतीला बसतात. ज्याच्या नावानं ही पंगत, त्या अडीच वर्षांच्या लेकराला आजी पहिला घास भरवते. लेकरू तो इकडून तिकडे फिरवतं, गालात धरून ठेवतं आणि शेवटी आजीच्या हातावर काढून देतं. "माले नको." मग मावशी, काकू, मामा सगळे त्याच्याभोवती जमतात. "खाई ले रे भाऊ, ताकद येस!"

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत हा प्रसंग नवा नाही. मागच्या भागात आपण दुधावरच राहणाऱ्या मुलांविषयी बोललो. आज मटण-चिकन न खाणाऱ्या मुलांविषयी बोलू. पहिलाच प्रश्न असतो, मटण खाल्लं नाही तर लेकरू अशक्त राहील का? उत्तर असं की लेकराला मटणातून जे मिळतं ते लागतंच, पण ते मटणातूनच मिळालं पाहिजे असं नाही. मात्र मटण वगळलं की त्याच्या जागी काय वाढायचं याचा विचार करावा लागतो. तो न करता केवळ पोट भरत राहिलो, तर लेकरू खरंच कमी पडतं.

नकार कशामुळे?

मटणाचा धागा चावायला दाढा लागतात. दुधाच्या पुढच्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात, मागच्या यायला दोन ते पावणेतीन वर्षं उजाडतात. तोवर जून बोकडाचा तुकडा तोंडात नुसता फिरतो. त्याचा चोथा होतो, तो गिळता येत नाही, म्हणून गालात साठतो. आपण त्याला नखरे म्हणतो, पण लेकराला ते जमतच नसतं.

दुसरं कारण तिखटाचं. भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं आणि लाल मिरचीचं वाटण आपल्या जिभेच्या सवयीचं आहे, लेकराच्या नाही. एकदा तोंड पोळलं की ती आठवण मटणाच्या वासाला चिकटते आणि पुढच्या वेळी पातेलं उघडताच ओठ घट्ट मिटतात.

तिसरं कारण वय. दोन ते सहा वर्षांच्या काळात मुलं अनोळखी चवीला सहज नाही म्हणतात. काल आवडीनं खाल्लेलं आज ढकलून देतात. बहुतेकांचा हा टप्पा मोठं होता होता ओसरतो.

चौथं कारण घरातलं. खान्देशात एकाच उंबऱ्याआड आजोबा माळकरी आणि वडील खाणारे, अशी कितीतरी घरं आहेत. मटणाची चूल परसात मांडली जाते, भांडी वेगळी असतात. आजोबांच्या मांडीवर बसून जेवणारं लेकरू हे सगळं पाहत असतं. कधी असंही होतं, की ज्या बोकडाला त्यानं रोज पाला घातला, तोच एके दिवशी पातेल्यात जातो. चार-पाच वर्षांचं मूल त्या दिवसापासून मटण सोडतं. त्याची थट्टा करू नका. खिमा कालवून "बटाट्याचा पराठा आहे" असं सांगून भरवूही नका. खरं कळलं की ते पराठाही सोडतं आणि तुमच्या शब्दावरचा त्याचा विश्वासही उडतो.

मटणातून काय मिळतं?

मुख्यतः चार गोष्टी : प्रथिनं, लोह, जस्त आणि बी-१२ जीवनसत्त्व.

प्रथिनांची काळजी सगळ्यांना असते, पण ती भरून काढणं सर्वांत सोपं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ११ ग्रॅम आणि ४ ते ६ वर्षांच्या मुलाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आता हिशोब करू. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीच्या घट्ट वरणातून सुमारे साडेसहा ग्रॅम, कपभर दुधातून सहा, ज्वारीच्या लहानशा भाकरीतून चार. बेरीज सोळाच्या पुढे जाते. अट एकच, वरण घट्ट हवं. वरचं पाणी भातावर ओतून "डाळ खाल्ली" म्हणता येत नाही.

आपली कळण्याची भाकरी इथं फार कामाची आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. उडदात जे कमी आहे ते ज्वारीतून मिळतं. दोन्ही एकत्र दळून आपल्या आज्या-पणज्यांनी दोन्हींची उणीव भरून काढली. मूगडाळीची मऊ खिचडी, घोटलेली उडदाची डाळ, कमी तिखटाच्या रश्शातले डुबुकवडे, पाटोड्या, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू, हे सगळं याच कामाचं.

खरी अडचण आहे लोहाची. वर सांगितलेल्या शिफारशींत १ ते ३ वर्षांसाठी दिवसाला ८ मिलिग्रॅम आणि ४ ते ६ वर्षांसाठी ११ मिलिग्रॅम लोह धरलं आहे. मटणातलं लोह शरीर सहज शोषून घेतं, डाळी-भाज्यांतलं त्या मानानं कमी शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणजे दहांतली जवळजवळ सात. त्यांत मटण खाणाऱ्या घरांतलीही मुलं आहेत. महिन्यातून एकदा पंगतीत खाल्लेल्या दोन तुकड्यांवर लोहाची रोजची गरज भागत नाही.

डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागावं म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, त्याच जेवणात आंबट द्या : वरणावर लिंबू पिळा, पेरूची फोड द्या, आवळा किसून घाला. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. दुसरी, मूग-मटकी भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून द्या. भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं लोह अडवून ठेवणारा फायटेट हा घटक कमी होतो. तिसरी, लेकराचा चहा बंद करा. सकाळी चहात बुडवलेला टोस्ट आपल्याकडे दोन वर्षांच्या मुलालाही मिळतो, पण चहातलं टॅनिन लोहाला अडवतं. दूधही दिवसाला दोन कपांच्या आसपास ठेवा. दुधात लोह नगण्य असतं आणि दुधानं पोट भरलं की भाकरी-भाजी मागे राहते.

जस्त डाळी, तीळ, शेंगदाणे आणि अंड्यातून मिळतं. बी-१२ मात्र डाळ, भाजी, भाकरी, फळं यांपैकी कशातूनही मिळत नाही. ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातच असतं : मांस, मासे, अंडी, दूध, दही, ताक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. ही उणीव आईकडून बाळाकडे जाते. म्हणून मटण न खाणाऱ्या मुलाच्या ताटात दूध-दही रोज असावं आणि घरात चालत असेल तर अंडंही असावं.

अंडं की केळं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की ६ ते २३ महिन्यांच्या बाळाला मांस, मासे किंवा अंडी रोज मिळावीत. मटण नाकारणाऱ्या लेकराच्या आईनं यातला 'किंवा' लक्षात ठेवावा. उकडलेलं अंडं मऊ असतं, त्याला दाढा लागत नाहीत, मसाला लागत नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि बी-१२ देखील.

शासनानंही हाच विचार केला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी देण्याची सोय झाली. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतल्या आदिवासी गावांसाठी ही मोठी गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारातही आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनानं त्या अंड्यासाठीचा निधी थांबवला. तो पुन्हा सुरू व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

पण 'अंडं किंवा केळं' या जोडीनं एक गैरसमज घराघरांत रुजला आहे. दोन्ही सारखीच, असं आया मानू लागल्या. जळगावचं केळं आपला अभिमान आहे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लेकराला ऊर्जा हवी, वजन वाढायला हवं, तर केळ्यासारखं सोयीचं फळ नाही. तरी एका केळ्यात प्रथिनं जेमतेम ग्रॅमभर असतात आणि बी-१२ अजिबात नसतं. अंड्याची जागा केळं घेऊ शकत नाही. घरात अंडं चालत नसेल तर केळ्याबरोबर वाटीभर दही द्या, किंवा केळं दुधात कुस्करून त्यात चमचाभर शेंगदाण्याचा कूट घाला.

रस्सा, कलेजी, खिमा

"तुकडा खात नाही, पण रस्सा पितो" असं समाधान अनेक घरांत असतं. रश्शात चव उतरते, तेल-मीठ उतरतं, पण प्रथिनं आणि लोह बहुतांश तुकड्यातच राहतात. पायाच्या सूपचंही तेच. हाडं कितीही उकळली तरी त्यातून कॅल्शियम फार थोडं येतं. तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं अळणी जरूर द्या, मात्र त्याला जेवण समजू नका. त्यात भात कालवा, मऊ शिजलेल्या मांसाचा बारीक कुस्करा घाला.

लेकराचा नकार दाताचा किंवा तिखटाचा असेल तर पदार्थ बदलून पाहा. खिमा मऊ शिजवून खिचडीत घाला, पण त्याला सांगून. कलेजी मऊ असते आणि लोह, बी-१२ दोन्हींनी समृद्ध असते. तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं, म्हणून आठवड्यातून एकदा दोन-तीन लहान तुकडे पुरे. हाडाचा बारीक कण आणि माशाचा काटा हातानं चाचपून काढा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, ते घशात अडकतात. कूट करूनच द्या.

भरवताना

लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या आवडीनिवडींचा आयुष्यभर अभ्यास केला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थ पुन्हा पुन्हा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो मुलांना जास्त आवडू लागला. आपण मात्र दोन-तीनदा नकार मिळाला की "याला आवडतच नाही" असा शिक्का मारतो. दहा-पंधरा वेळा, काही दिवसांच्या अंतरानं, बोटाच्या पेराएवढा घास ताटात ठेवा आणि त्याबद्दल काही बोलू नका. तुम्ही स्वतः आवडीनं खा. बर्च यांच्याच पुढच्या अभ्यासात दिसलं, की बक्षिसाच्या आशेनं खाल्लेला पदार्थ मुलांना उलट कमी आवडू लागतो. "मटण खाल्लं तर चॉकलेट" या वाक्यातून लेकरू इतकंच शिकतं, की मटण वाईट आणि चॉकलेट चांगलं.

काय वाढायचं आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं, हे लेकराला ठरवू द्यावं. नाक दाबून, मांडीत आवळून, मोबाइल दाखवून घास कोंबू नये.

दवाखान्यात केव्हा?

मटणच काय, मऊ भातही गिळताना मूल ओकतं, मोजकेच चार-पाच पदार्थ खातं, माती-खडू खातं, खालच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसते किंवा दोन-तीन महिने वजन जागचं हलत नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा आला आणि मूल मलूल झालं, किंवा बसणं-हसणं शिकलेलं विसरू लागलं, तर एक दिवसही थांबू नका, ही बी-१२ च्या मोठ्या कमतरतेची खूण असू शकते. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध मोफत मिळतं. आशाताईंकडे मागा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला वर्षाच्या पुढच्या मुलाला गोळी चुकवू नका. वाढीचा तक्ता कसा वाचायचा, ते पुढच्या भागात पाहू.

पुढच्या पंगतीत लेकरानं तोंडातला तुकडा परत दिला, तर रागावू नका, हात पुढे करून तो घ्या. त्याच्या ताटात लिंबू पिळलेलं घट्ट वरण, मऊ केलेली कळण्याची भाकरी आणि एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही वाढा. आणि भोवती जमलेल्या मामा-मावश्यांना सांगा, की ताकद यातूनही येते.